दिवसाउजेडी घुबड

हिवाळ्यात घुबड शोधायचं असेल तर वर बघू नये, खाली बघावं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या जंगलात एखाद्या झाडाखाली चुना सांडल्यासारखे पांढरे डाग दिसले, शेजारी अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या दिसल्या, की थांबावं. गोळी फोडली तर आत केस आणि उंदराची हाडं निघतात. घुबडाला न पचलेलं, त्याने ओकून टाकलेलं. मग मान हळूच वर करावी.

जंगलात खोल शिरून काही हाती लागत नाही. तिथे लाकडासाठी लावलेल्या स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या, रांगा आहेत, इतक्या दाट की खाली गवताचं पातंही उगवत नाही. गवत नाही तर उंदीर नाही, उंदीर नाही तर घुबड नाही. कडा शोधायच्या: नुकतंच तोडलेलं रान, ओढ्याकाठची काटेरी झुडपं. आणि त्याच्याही आधी जमीन कुणाची आहे ते विचारायचं. श्रीमंतांना बंदुका चालवता याव्यात म्हणून जिथे रानकोंबडे राखतात, त्या माळांवर शिकारी पक्षी फार दिवस जगत नाहीत, आणि ते कुणी मारले हे गावात कुणालाच माहीत नसतं.

हे सगळं मी बाबांसाठी शिकले.

बाबा तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. शाळेतून आले की गठ्ठा सोडायचा, कागदाच्या तीन घड्या घालायच्या, मग दूध. ग्रहणाबद्दल पत्रक, अंगात येण्याबद्दल पत्रक, अमावास्येबद्दल पत्रक. माझ्या वेळी आईने भर ग्रहणात बाजारचौकात बसून भाजी चिरली होती आणि मी व्यंगाशिवाय जन्मले, हेही एका पत्रकात आहे. घुबडाचं पत्रक गुलाबी कागदावर होतं. वर आईने काढलेलं चित्र, कानांवर दोन तुरे असलेलं. खाली लिहिलेलं: किंमत, वाचून दुसऱ्याला देणे.

बाबांची एक पद्धत होती. ज्याची भीती वाटते ते माणसाला दिवसाउजेडी दाखवायचं. एका वाडीत चिंचेवर भूत आहे म्हणत होते, तर बाबा भर दुपारी सगळ्या वाडीला घेऊन त्या चिंचेखाली गेले, वर चढले, चिंचा तोडून खाली टाकल्या. पोरांनी खाल्ल्या. आयांनी नंतर खाल्ल्या. मला खांद्यावर घेऊन परत येताना ते म्हणाले होते, "वाद घालायचा नाही. दाखवायचं."

दोन वर्षांपूर्वी आई आजारी होती तेव्हा शेजारच्या काकांच्या पाण्याच्या टाकीवर घुबड येऊन बसायला लागलं. काकांनी दगड उचलला. बाबांनी त्यांचा हात धरला आणि गल्लीसमोर भाषण दिलं. घुबड तिथेच राहिलं. आई त्याच आठवड्यात गेली. काका मातीला आले, त्यांनी एकदा टाकीकडे बघितलं, मग बाबांकडे. हे मला खूप नंतर कळलं, कारण मी इकडे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला होते आणि विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

यंदा ऑक्टोबरात बाबांना व्हिजिटर व्हिसावर आणलं. घरामागे जुना ओक आहे आणि त्यात टॉनी आउल, म्हणजे इथलं नेहमीचं तपकिरी घुबड. पहिल्याच संध्याकाळी ते बोललं. बाबा मटार सोलत होते. उठले, खिडकी लावली, पडदा ओढला.

"थंडी आहे," म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "बाबा, ते घुबड आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. लावली खिडकी."

मी वरच्या खोलीतून गुलाबी पत्रक आणलं आणि मोठ्याने वाचलं. "घुबड माणूस न्यायला येत नाही, उंदीर न्यायला येतं. कुणी लिहिलंय हे?"

"चांगलं लिहिलंय," बाबा म्हणाले. "लिहिलं त्याची बायको जिवंत होती तेव्हा."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या काकांचा, त्यांच्या नजरेचा, आपल्या सगळ्या मुलखाचा, जो माणसाला हरवायला त्याच्या घरातल्या मरणाची वाट बघत बसतो. आणि या देशाचाही. इथे घुबड शहाणं म्हणून कॉफीच्या मगवर छापतात, ते तरी कुठे खरं आहे. दोन्हीकडे त्या पक्ष्याला उंदीर खाऊ देत नाहीत. मी ठरवलं, बाबांना त्यांच्याच पद्धतीने बरं करायचं. वाद घालायचा नाही, दाखवायचं.

जानेवारीत सुट्टी काढून आम्ही उत्तरेला, नॉर्थम्बरलंडला निघालो. डब्यात मेथीचे पराठे, बाबांच्या डोक्याला कानटोपी. वाटेत एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये लाल फळांच्या झाडावर वॅक्सविंगचा थवा उतरला होता. डोक्यावर तुरा, शेपटीच्या टोकाला पिवळी पट्टी. अशा पक्ष्यांसाठी जंगल नाही, कार पार्कच बघावेत. तिथे ही फळझाडं लावतात.

"आपल्या बुलबुलाचे फॉरेन रिटर्न चुलतभाऊ," बाबा म्हणाले आणि हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलाच्या कडेला त्यांनी क्रॉसबिल पक्ष्याने कुरतडलेलं स्प्रूसचं बोंड उचललं. त्या पक्ष्याची चोच कात्रीसारखी एकमेकीवर चढलेली असते, बिया काढायला. बाबा बोंड फिरवून फिरवून बघत होते, वर्गात बघायचे तसे. "बघ कसं अवजार आहे," म्हणाले. मग खिशात ठेवलं.

ओढ्यापाशी एक वयस्कर बाई दुर्बीण तिपाईवर लावून उभी होती. आम्हाला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि काटेरी झुडपाकडे दाखवलं. खाली पांढरे डाग होते. मी वर बघितलं. फांद्यांत पाच-सहा लांब कानांची घुबडं बसली होती, सालीच्या रंगाची, अंग आक्रसून. एकाचे डोळे उघडे होते, नारिंगी. डोक्यावर दोन तुरे. हुबेहूब आईचं चित्र.

बाई बाजूला झाली. "युवर डॅड फर्स्ट," कुजबुजली.

मी बाबांना दुर्बिणीपाशी नेलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं. त्या वाडीतल्यासारखंच: भूत नव्हतं, चिंच होती. बाबा वाकले, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मी आत वाक्यं तयार करत होते. बघा, झोपलंय बिचारं. बघा, गारठलंय. त्याला आपलं काय पडलंय.

बाबा सरळ झाले. कानटोपी काढली. आणि त्या झुडपाकडे बघून हात जोडले.

आवाज अगदी हळू होता, पण मी शेजारीच होते. "एवढी एकच राहिलीय," ते म्हणाले. "हिला काही करू नको."

बाईला वाटलं, ही आमच्याकडची रीत असेल. तिने हातमोज्यांतून हात बाहेर काढले आणि बाबांना नमस्कार केला. बाबांनी तिलाही केला.

गाडीत पराठ्याचा डबा तसाच राहिला. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे खरं वाटतं?"

"नाही."

"मग हात का जोडलेत?"

"मला माहीत आहे ते खोटं आहे." ते काचेबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या रांगा होत्या, एकसारख्या, आत काळोख. "माहीत असून आता उपयोग होत नाही. भाषण देताना माझा हात त्या शेजाऱ्याच्या हातावर होता गं. दगड पडू दिला असता तर कुणाचं काय गेलं असतं."

मी गाडी चालवत राहिले. मला पन्नास उत्तरं येत होती. सगळी त्यांनीच शिकवलेली, सगळी बरोबर. दाखवायचं ते दाखवून झालं होतं. वाद घालायला कुणी समोर नव्हतं; फक्त एक म्हातारा होता, खिशातल्या बोंडावर बोटं फिरवणारा, आणि त्याला ती उत्तरं माझ्यापेक्षा जास्त पटलेली होती.

बेसिंगस्टोकला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता ओकवरून घुबड बोललं. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मी त्यांच्या आधी उठले. खिडकी लावली, पडदा ओढला.

"थँक यू," बाबा म्हणाले. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणायला शिकले आहेत, तसं. आमच्या घरात हा शब्द कधी कुणी कुणाला म्हटला नव्हता.