मैनाबाईची सीम

बोईसरचा भूगोल नाकाने शिकावा. कारखान्यांकडून वारा आला की घसा जळतो, नाल्याकडून आला की जेवण वर येतं, आणि दोन गावांच्या सीमेवरून आला की सडलेलं कोंबडं. त्या सीमेवर आज पत्र्याच्या खोल्यांची रांगच रांग आहे. बिहारचे, ओडिशाचे, मनोरच्या डोंगरातले, सगळे तिथे दाटीने राहतात. सगळ्यांत आधी तिथे राहायला आली मैनाबाई.

ही बाई आमच्या नाटकमंडळीची चहावाली. उमरोळीच्या जत्रेत प्रयोगाआधी तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय माझा आवाज लागत नसे. वीटभट्टीवरची मजुरी सोडून तिने या ओसाड सीमेवर झोपडी घातली आणि नवऱ्याच्या जोडीने विहीर खणली. आज सगळी चाळ तेच पाणी पिते.

आमच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही गावांची एक जुनी रीत आहे. तापाची साथ आली की सुपात नारळ, लिंबू आणि कापलेला कोंबडा घालून वाजतगाजत सीमेवर न्यायचं आणि मागे न बघता परतायचं. ज्यांच्या हद्दीत सूप आलं, त्यांनी ते उचलून पुढच्या सीमेवर टाकायचं. पूर्वी सीमेवर कोल्हे असत, ते निस्तरत. आता माणसं आहेत. पण सूप तिथेच येतं, विहिरीच्या काठाशी. मागोमाग हॉटेलांचा शिळा भात आणि मटणवाल्यांची आतडीही. मागच्या पावसात कोंबड्याचं मुंडकं पोहऱ्यात आलं. मैनाबाईची नात बायडी कावीळ होऊन पडली ती तेव्हाच.

यंदा सूप घेऊन बळवंत पुढे होता. वरच्या गावातला चिकूच्या वाड्यांचा मालक, आमच्याच जातीचा, म्हणून जास्तच लाज वाटते. मैनाबाई विहिरीला पाठ लावून उभी राहिली.

"बळवंतदादा, इथं नको. पोरं पितात हे पाणी."

"सूप सीमेवरच ठेवायचं असतं, मैने. तुझी खोली सीमेवर आली, सीम तुझ्या खोलीवर नाय आली."

"मतं मागायला आलेलास तवा आमी गावातले होतो ना? तवा मावशी बोललास!"

"तवाचं तवा." लोक हसले. ढोल वाजला. काठाशी सूप टेकवून सगळे मागे न बघता गेले. त्यांना मागे बघायचं नसतंच, तीच तर सोय.

मी थुंकलो. रंगभूमीवर खलनायक बरेच रंगवले, पण इतका निर्लज्ज कधी जमला नव्हता.

सकाळी मैनाबाईने चाळ जमवली. सूप स्वतःच्या डोक्यावर घेतलं. बिहारी पोरांनी पत्र्याचे डबे बडवले. मी वयाची लाज सोडून पुढे नाचलो.

"मौसी, किधर?" एकाने विचारलं.

"पुढच्या सीमेवर. रीत हाय."

चाळ संपते तिथे बळवंतच्या नव्या बंगल्याचं फाटक आहे. जमीन वाढवत वाढवत तोच चाळीला येऊन भिडला आहे. मैनाबाईने सूप फाटकासमोर ठेवलं. माश्या भणभणल्या.

बळवंत लुंगी सावरत धावला. "अगं ए! इथं काय? इथं माणसं राहतात!"

"आमची हद्द इथं संपते, दादा. माणसं राहतात म्हणतोस? सीमेवर माणसं राहतात?"

 मैनाबाई वळली आणि मागे न बघता चालू लागली. तिच्यामागे अख्खी चाळ.

बळवंतने चाळीतल्या दोघांना मजुरी देऊ केली, कोणी हात लावला नाही. दुपारच्या उन्हात वास बंगल्याच्या वरच्या मजल्यावर पोचला. शेवटी नाकाला उपरणं बांधून त्याने स्वतःच सूप उचललं आणि रस्त्यावर उभा राहिला. एका बाजूला खालचं गाव, तिथले लोक सूप अडवायला काठ्या घेऊन. दुसऱ्या बाजूला विहीर, तिथे मैनाबाई पोहरा ओढत.

"कुठं टाकू, मावशी?" तो कळवळला.

"तुझ्या वाडीत पूर. खोल पूर, कुत्री उकरतात."

त्याने चिकूखाली खड्डा खणला. स्वतःच्या हातांनी, ओकत ओकत. मी कुंपणाशी उभा राहून शेवटच्या ढेकळापर्यंत बघितलं. नंतर मैनाबाईकडे चहा प्यायलो. पाण्याला अजून वास होता.