नव्या बोलपटातला वऱ्हाडी गडी

मंडळी, आज अमरावतीत लागलेला नवा बोलपट पाहून आलो आणि किळस आली.

छातीत गोळी लागलेला नायक तीन गाणी म्हणतो, तेही चालवून घेतलं असतं. पण त्यात एक मूर्ख गडी आहे आणि सबंध बोलपटात वऱ्हाडी बोलतो तो एकटाच! त्यानं "मले काहून मारता जी?" म्हटलं की सारं थिएटर खिदळायचं. मीही खिदळलो.

माझी आई सोबत होती. खास अकोल्याहून आली होती, आयुष्यातला पहिला बोलपट पाहायला.

बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, "बापू, माह्या बोलन्यावर बी लोक असेच हासतात काय रे?"

"छे, मुळीच नाही," मी म्हणालो. तेही शुद्ध पुणेरी मराठीत.

तुम्ही पाहिला असेल तर खरं सांगा, तुम्हीही हसलात ना?