माझं क्लॅरनेट फुंकलं कुणी?

मंडळी, क्लॅरनेट ट्रंकेत कुलूपबंद हाय, असं परत लिहू नका. मला आता पटत न्हाय.

आज इथं कराचीच्या गोदीत आपल्या गावाकडचा एक पाहुणा भेटला. म्हणाला, "जत्रंत तुमच्या बँडनं लई झ्याक वाजवलं रं! क्लॅरनेटवाला नवा हाय व्हय?"

मी "व्हय, शिकतोय" म्हणून वेळ मारून नेली. पण गावात क्लॅरनेट एकच, ते माझं. मग फुंकलं कुणी? ढोलवाले आप्पा, तुमी तर शेजारीच उभं असता!

जो कुणी असंल त्यानं वाजवावं, नुसतं ठेवून वाद्य बिघडतं. पण फुंकायच्या तोंडाला लावलेली वेताची पत्ती माझ्या ओठाला सरावलीय, ती कुणी लावायची न्हाय. मी आलो की माझी जागा माझी, हे तालमीत सगळ्यांदेखत ठरवा.

त्याच्या नव्या पत्तीला दीड रुपया धाडतोय.