कर्ण्यावरचं नाव

दर हिवाळ्यात कडेगावच्या माळावरच्या कृषी प्रदर्शनात आमचा झुणका-भाकरीचा स्टॉल लागायचा. चूल माझी, गिऱ्हाईक माझ्या मालकांचं आणि भाकरी सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्तींच्या. अलीकडे त्यांना विसर पडायला लागला होता. चहा घेतला की नाही तेही आठवायचं नाही. पण परातीपुढं बसवलं की भाकरी अशी गरगरीत थापायच्या, की शेजारचा पावभाजीवाला आमच्याकडं डोळे वटारून बघायचा. घरी एकट्या ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्या वर्षीही सोबत आणलं.

भर दुपारी गर्दी बैलांच्या रिंगणाकडं पांगली. मी हंडा भरून आले, तर परातीत अर्धी थापलेली भाकरी, तिच्यावर बोटांचे ठसे, आणि आत्ती नाहीत.

मालक रस्त्याकडं पळाले. मी माइकवाल्याकडं जाऊन नाव सांगितलं, लुगड्याचा रंग सांगितला. लगेच मैदानभर कर्णे ओरडायला लागले. सासूचं नाव मी आयुष्यात कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आता ते ट्रॅक्टरांवरून, खताच्या पोत्यांवरून फिरत होतं आणि कुठूनच ओ येत नव्हती. पलीकडं कॅनॉल होता. मनात नको नको ते यायला लागलं.

सापडल्या त्या मेंढरांच्या मांडवात, कर्ण्याच्या बरोब्बर खाली. पिठाचे हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारख्या बसल्या होत्या. डोक्यावर त्यांचंच नाव घुमत होतं.

"आवं आत्ती, हाका ऐकू येत न्हाईत व्हय?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी माझ्याकडं परक्या माणसासारखं पाहिलं. "कोण गं ती बाई? मगापासनं बोलवत्यात बिचारीला, येईना. मेली असंल बग."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"तुमी हितं काय करताय?"

"बा मेंढरं घिऊन पाण्याव गेलाय. हितनं हलू नगं म्हणलाय."

आत्तींचं माहेर आटपाडीकडचं, मेंढरांचं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात, माझंही बदललं. एकदा तांदळात नवं नाव उमटलं की जुनं विचारायची पद्धत नाही. आत्तींचं जुनं नाव त्यांच्या लेकालाही ठाऊक नव्हतं.

"नाव काय गं तुजं?" मी विचारलं. सासूला अगं-तुगं केलं ते पहिल्यांदाच.

त्यांनी सांगितलं, पदर दातात धरून, लाजत. त्या नावानं मी हाक मारली, तशा "ओ" म्हणून चटकन उठल्या.

"बा वरडंल की."

"तुज्या बानंच धाडलंय मला," मी खोटं बोलले. मग त्यांनी माझं बोट धरलं.

स्टॉलवर मालक धावत आले, "आये!" म्हणून जवळ घ्यायला गेले, तर आत्ती माझ्यामागं लपल्या. "कोण हाय गं ह्यो बाप्या?" त्यांनी माझ्या कानात विचारलं. मालकांचा चेहरा मला बघवेना.

कर्ण्यावर हाका चालूच होत्या. मालक म्हणाले, "जा, सापडली म्हणून सांग त्या माइकवाल्याला."

मी काही गेले नाही. मला वाटत होतं, अजून थोडा वेळ बोलावू दे त्याला. कदाचित आमच्या आत्ती येतील.