नसलेली टिकली

माझ्या नातीला मी एकदा परीक्षेत झकास पास करून आणलं. पुढे कळलं की ती परीक्षा नव्हतीच, आणि पास होणं हाच त्यातला घोटाळा होता. तेव्हा मी तशी तरुण होते, सत्तरीसुद्धा गाठली नव्हती, त्यामुळे अक्कल यायची होती. आता आली आहे असं माझं म्हणणं नाही.

हे गेल्यावर मँचेस्टरचं घर आवरून मी नॉटिंगहॅमला लेकीकडे राहायला आले होते. लेक भूल देणारी डॉक्टर. नात दहा वर्षांची, शाळेत शहाण्यातली शहाणी. टीचरचं एकच पालुपद, शी इज नो ट्रबल अ‍ॅट ऑल. ही नो ट्रबल पोरगी घरी आली की एक बूट पायात, एक दारात, अशी धावत डायनिंग टेबलाखाली शिरायची. टेबलक्लॉथ खाली ओढून घ्यायची आणि टेबलाचा पाय धरून बसायची. कधी रडायची, कधी नुसती बसायची. मोज्यांची शिवण बोटांना टोचते म्हणून मोजे उलटे. हँड ड्रायर लागला की दोन्ही हात कानांवर. कुणाच्या बर्थडे पार्टीला जाऊन आली की दुसऱ्या दिवशी अंथरुणात.

लेकीनं दोन वर्षं रांगेत थांबून ऑटिझमच्या तपासणीची वेळ मिळवली होती. घाई होती, कारण सप्टेंबरात नात मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे हजारभर मुलं, कर्कश घंटा, दर तासाला धक्काबुक्की करत दुसऱ्या वर्गात पळायचं. तिथे हिला बसायला एक शांत खोली, नको झालं की न विचारता वर्गाबाहेर पडायची मुभा, सोबतीला एखादी असिस्टंट, हे सगळं हवं होतं. तपासणीत काही निघालं तर शाळेच्या ते गळी उतरवणं सोपं जाणार होतं.

मला मात्र 'तपासणी' हा शब्दच झोंबला.

"आपल्या घरात असं कुणी नाही," मी लेकीला ऐकवलं.

"असं म्हणजे कसं, आई?"

"म्हणजे... असं."

"अगं, वाक्य पूर्ण कर की."

मी भांडी घासायला उठले. अवघड प्रश्न आला की मी भांडी घासायला उठते. ती घासलेली असली तरी.

आता मी पुण्यात वाढलेली. पुण्यात मूल बालवाडीत जातं तेसुद्धा मुलाखत देऊन, आणि मुलाखत म्हटली की तयारी आलीच. शिवाय मी वक्तृत्व स्पर्धेची ढालवाली. इकडे आल्यावरही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मुलांची भाषणं मीच बसवायचे. पालक म्हणायचे, तुमच्या हाताखालचं मूल स्टेजवर अडखळत नाही. तेव्हा एक गोरी बाई माझ्या नातीला बंद खोलीत प्रश्न विचारणार आणि मी नुसती मटार सोलत बसणार? शक्यच नाही. लेक ड्यूटीवर गेली की आमचा क्लास सुरू.

"पहिली गोष्ट, बोलताना समोरच्याकडे बघायचं."

"डोळ्यात बघितला की माझा पोट दुखतो," नात म्हणाली. तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी आहे.

"डोळ्यांत कोण सांगतंय? दोन भुवयांच्या मधे बघायचं. टिकली असते तिथे. समोरच्याला वाटतं, डोळ्यांतच बघतेय."

"आजी, ती इंग्लिश आहे. तिला टिकली नसणार."

"आपण लावायची. मनातल्या मनात. कुठल्या रंगाची लावतेस?"

तिनं नीट विचार केला. "ग्रीन."

"छान. आता दुसरं. तिनं काही विचारलं की उत्तर द्यायचं आणि लगेच उलट विचारायचं, अँड यू? आणि ती हसली की मनात एक म्हणायचं, मग आपण हसायचं."

"जोक कळला नाही तर?"

"कुणाला कळतो? हसायचं!"

पोरगी हुशार. आठवड्याभरात अशी तयार झाली की माझं मलाच कौतुक वाटायला लागलं.

तपासणीच्या दिवशी लेक एका खोलीत नातीच्या लहानपणाची माहिती सांगायला गेली, नात दुसऱ्या खोलीत, आणि मी बाहेर. मला एका जागी बसता येत नाही. मी खेळणी रंगांप्रमाणे लावली. भिंतीवरचं पोस्टर सरळ केलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, आर यू ऑलराइट? मी म्हटलं, येस, अँड यू? शेवटी दार उघडलं. नात बाहेर आली, त्या सायकॉलॉजिस्ट बाईंशी तिनं शेकहँड केला, वर गोड हसून म्हणाली, हॅव अ लव्हली आफ्टरनून! ढाल असती तर मी तिथल्या तिथे स्वतःला देऊन टाकली असती.

ट्रॅममध्ये ती काचेला कपाळ टेकून बसली. घरी आल्यावर टेबलाखाली गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. मी ताट खाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी शाळा नाही, त्यानंतरही एक शब्द नाही. मी म्हटलं, हवा बदललीय. इंग्लंडमध्ये एवढी एक सोय आहे, कशाचंही खापर हवेवर फोडता येतं. पण आतून काहीतरी टोचत होतं. मी फ्रीज रिकामा करून पुसला. मग मसाल्याच्या बाटल्या. मग परत फ्रीज.

काही दिवसांनी लेकीला क्लिनिकनं बोलावून घेतलं. ती परत आली आणि कोटही न काढता खुर्चीत बसली.

"त्यांना काही दिसलंच नाही, आई. नजर देते, दोन्ही बाजूंनी गप्पा मारते, वेळेवर हसते. आम्ही सांगतो ते आणि त्यांनी पाहिलं ते जुळतच नाही. आता म्हणतात, मोठ्या शाळेत रुळू दे, मग पुन्हा बघू."

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं. "पास झाली!"

"पास?" लेकीनं मान वर केली. "पास म्हणजे?"

मी सिंककडे निघाले. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

"मी ग्रीन टिकली लावला होता."

लेक वाकली. टेबलक्लॉथ उचलून तिनं आत बघितलं. आणि नातीनं पहिल्या धड्यापासून सगळं सांगितलं, टिकली, अँड यू, मनात एक म्हणून हसायचं, एकही गोष्ट न गाळता. हिला खोटं बोलता येत नाही. ते शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या सकाळी पेशंटला प्रेमानं पोहे खायला घालतात ना, त्यातली तू."

मी नळ सोडला.

"ती रोज शाळेत हेच करते गं. सगळ्यांसारखं दिसायचं नाटक. त्यानं दमते आणि या टेबलाखाली येऊन पडते. हे कुणाला तरी दिसावं म्हणून तर मी दोन वर्षं थांबले होते."

मी कोट घातला आणि बाहेर पडले. आमच्या रस्त्याला, मग मागच्या रस्त्याला, मग पुन्हा आमच्या रस्त्याला. मागे मागे येणाऱ्या शेजारच्या मांजरीनंसुद्धा शेवटी माझा नाद सोडला. डोक्यात सप्टेंबर. ती घंटा, तो कॉरिडॉर, हजार मुलांचे हजार आवाज, आणि त्यात माझी पोरगी एकेकाच्या कपाळावर हिरवी टिकली लावत चाललीय. तिथे टेबल कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर मी क्लिनिकला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर ती रिसेप्शनवाली आली. मी म्हटलं, आय वाँट टू कन्फेस. ती घाबरून म्हणाली, पोलिसांकडे करायला हवा होता का हा फोन? मी म्हटलं, अजून नाही. मग सायकॉलॉजिस्ट बाई स्वतः लाइनवर आल्या. मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तिला घेऊन पुन्हा याल का? आणि आजी, तुम्हीही आत या."

जाताना ट्रॅममध्ये नातीनं विचारलं, "आज टिकली लावायचा का?"

"नाही. आज तुला बरं वाटेल तिकडे बघ."

"आणि हसायचा?"

"हसू आलं तर."

तिनं तसंच केलं. खुर्ची सोडून जमिनीवर, रेडिएटरला पाठ लावून बसली आणि भिंतीकडे बघत ट्रॅमच्या सिग्नलबद्दल बोलत राहिली. कुठे पांढरी पट्टी आडवी, कुठे उभी, कुठल्या स्टॉपनंतर ती तिरपी होते. बाईंनी मधेच एक विनोद केला. नात हसली नाही. मी कोपऱ्यात हाताची घडी घालून माझ्याच जिभेवर बसले होते. प्रॉम्प्टिंग करायची इतकी हुक्की मला आयुष्यात कधी आली नव्हती. बाईंनी तिला कुठेच थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "मागच्या वेळी घरी गेल्यावर काय झालं?" नात भिंतीलाच म्हणाली, "माय फेस वॉज टायर्ड."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"ती टिकलीची युक्ती. तुम्हाला कुणी शिकवली?"

"कुणी नाही. माझी मीच शोधून काढली," मी म्हटलं. अजूनही थोडी ऐट होतीच.

"किती लहान होतात?"

"असेन सहा-सात वर्षांची. वर्गात बाई म्हणायच्या, माझ्याकडे बघून म्हण. डोळ्यांत बघितलं की पाठ केलेलं सगळं पुसलं जायचं. बाईंच्या कपाळावर मोठं कुंकू होतं. तिकडे बघितलं की सगळं धडाधड यायचं."

"आणि मोठेपणी?"

मला एकदम कांदेपोहे आठवले. हे मला बघायला आले होते आणि मी धीटपणे, थेट बघत उत्तरं देत होते. सासूबाई खूश, मुलगी डोळ्याला डोळा भिडवते! हे मात्र दर दोन मिनिटांनी रुमालानं कपाळ पुसत होते. लग्नानंतर म्हणाले, मला वाटलं कपाळाला पोहा चिकटलाय. आम्ही यावर चाळीस वर्षं हसलो. मी नेहमी मनात एक म्हणून.

"आणि आता?" बाईंनी विचारलं. "माझ्या कपाळावर कुठल्या रंगाची आहे?"

"मरून," मी बोलून गेले.

त्या हसल्या नाहीत. मी टेबलावरचे चहाचे कप गोळा करायला लागले. त्या म्हणाल्या, "राहू द्या ते. मोठी माणसंही येतात आमच्याकडे. कधी वाटलं तर सांगा." मी म्हटलं, या वयात? आणि कप घेऊन सिंक शोधत कॉरिडॉरभर फिरून आले.

पुढचं आत्ताच सांगते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. निदान झालं. नव्या शाळेनं लायब्ररीच्या मागची एक छोटी खोली दिली, घंटेआधी वर्गातून निघायची मुभा दिली, वर्गात एक असिस्टंट दिली. नात आता मोठी झालीय, तिथेच आहे. काही दिवस चांगले जातात, काही टेबलाखाली. लेक माझ्याशी बोलायला लागली, पण घरात कुणाचीही कसली परीक्षा असली की मला किचनच्या बाहेर येऊ देत नाही.

तर त्या दुपारी आम्ही दोघी परत ट्रॅममध्ये. मी एका जागी बसत नव्हते. ही सीट नको, ती उलट्या दिशेची, मग उभीच राहिले दांडा धरून. डोक्यात भलतंच चाललं होतं. मंडळाचा गणपती, हॉलमध्ये दोनशे माणसं, आरती झाली की सगळे गप्पांना बसायचे आणि मी हॉलच्या मागच्या किचनमध्ये जाऊन दार लोटून घ्यायचे. पातेली घासत राहायचे. नळ मोठा सोडून. बायका म्हणायच्या, किती कामसू आहे हो ही, जरा बसत नाही. एका वर्षी मला त्याबद्दल नारळ आणि शालसुद्धा दिली. ढालवाली ती मुलगी, कामसू ती सून, ती शाल पांघरून फोटोत बघा कशी ऐटीत उभी आहे. फोटोग्राफरच्या कपाळाकडे बघत.

नात काचेला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, सिग्नल बघतेय. क्लिनिकमधलं माझं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. दोन स्टॉप गेले. मग तिनं माझ्या बाहीला हात लावला, ती सहसा कुणाला हात लावत नाही, आणि बाहेरच बघत म्हणाली,

"आजी, मग तुझा टेबल कुठे होता?"