मालकाचं नाव

मालकानं माझी पिशवी फाडली अन् काउंटरवर उलटी केली. लेंड्या घरंगळत खाली गेल्या. एक लेंडी गिऱ्हाइकाच्या बुटापाशी जाऊन थांबली. दुकानात पाच-सहा जण होते.

"बघा हो," मालक म्हणाला. "बाईसाहेबाला मेंढराच्या लेंड्याला सरकारी नाव पायजे. उद्या मेंढरं हगायला बसली की दिल्लीला फोन लावतील."

सगळे हसले. मी बी हसले. लाज वाटती ती माझ्या हसण्याचीच. त्यांच्या हसण्याची न्हाई एवढी.

मंग खाली बसून मी एकेक लेंडी येचली अन् पदरात घेतली. कुणी पाय उचलला न्हाई. मला बुटाच्या कडेनं हात घालावा लागला.

परतूरचं हे खताचं दुकान त्याचं. गावातली अर्धी जमीन बी त्याचीच. आमची मेंढरं त्याच्या रानात चरायची, त्याच्या हिरीवर पाणी प्यायची. माझा सासरा त्याच्या बापाला मालक म्हणायचा, नवरा याला मालक म्हणतो, लग्न होऊन आले तवापासून मी बी म्हणते. रस्त्यात दिसला की चप्पल काढायची पद्धत आता राह्यली न्हाई. पण मान अजून आपोआप खाली जाती.

धंदा माझा होता. लेंडीखताचा. लेंड्या वाळवायच्या, माती चाळून काढायची, कडुनिंबाचा पाला मिसळायचा अन् छोट्या पिशव्या भरायच्या. शहरातल्या बाया कुंड्यांसाठी घेऊन जायच्या. पिशवीवर मी नाव घातलं, वाघर. रात्रीच्याला मेंढरांभोवती जाळी लावत्यात ना, तिला आमच्यात वाघर म्हणत्यात. लोक दुकानात येऊन 'वाघर द्या' म्हणाया लागले. बचत गटाच्या ट्रेनिंगमधी सांगितलं होतं, नाव चाललं की ट्रेडमार्क करून घ्या, न्हाई तर दुसरा कुणी करून घेईल. अन् मी येडी, इचारायला गेले कुणाला? मालकाला!

लेंड्या येचून उठले तवा गिऱ्हाइकं गेल्ती. मालक जवळ आला. आता आवाज गोड.

"नाव मातर भारी हाय. माझ्या नावानं करून घेतो मी. तू माल देत जा बराबर. काय?"

"बरं मालक," मी म्हणाले.

घरी येस्तोवर, हा आता माझं नाव घेणार, एवढंच डोक्यात. जेवण गेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, जालन्याला दवाखान्यात जाऊन येते. खोटं सांगितलं. रेल्वेत बसले. डब्यात गावाकडचा कुणी दिसला की पदर तोंडावर वढायचे. दोनदा वाटलं, मधल्या टेशनावर उतरावं अन् माघारी जावं.

ट्रेनिंगमधी एका वकील मॅडमचा पत्ता दिला होता. मॅडम माझ्यापेक्षा लहानच. माल काय, म्हणून इचारलं. मी खाली बघत म्हणाले, "लेंडीखत." अन् हसण्याची वाट बघत बसले. मॅडम हसल्या न्हाईत. "खत ट्रेडमार्कच्या वर्ग एकमध्ये येतं," म्हणाल्या अन् टाइप करायला लागल्या.

"वाघर म्हणजे काय? अर्थ लिहावा लागतो."

"मेंढरं आत राहावीत अन् लांडगा भाईर राहावा म्हणून लावत्यात ती जाळी."

त्यांनी ते तसंच लिहिलं. मंग इचारलं, "आता मालकाचं नाव सांगा."

मी सांगितलं. त्याचं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, एका दमात.

मॅडमनी लिहिलं. "मिस्टर का तुमचे?"

"न्हाई. मालक."

"बरं. त्यांचं आधार कार्ड आणलंय?"

मी पिशवीत हात घातला. आत माझं आधार होतं. माझा फोटो. ते हातात धरून मी बसले अन् मला काही कळंना. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवला.

"ताई, नीट बघा. हे नाव इथं राहिलं तर वाघर यांची झाली. उद्या तुम्हीच पिशवीवर वाघर लिहिलं तर हे तुम्हाला नोटीस पाठवू शकतात."

आईशपथ सांगते, तवा तिथं कुणी नव्हतं मला दरडावायला. मालक तिकडं दुकानात बसलेला. त्यानं हिसकावलंच न्हाई माझ्याकडून काही. मीच चोरून जालन्याला आले, रेल्वेचं तिकीट काढून आले, अन् त्याच्या हातात ठेवून राह्यले होते! त्या घडीला त्याच्यापेक्षा मला माझ्याच जिभेचं भ्या वाटलं.

"पुसा," मी म्हणाले. आवाज निघाला न्हाई. पुन्यांदा म्हणाले, "पुसा मॅडम. बिलकुल पुसा ते."

"मग खत करतं कोण?"

"मी."

"नाव कुणी दिलं?"

"मीच."

"मालक कोण?"

मी हातातल्या आधारवरचा माझा फोटो बघितला. मंग मी माझं नाव सांगितलं. मॅडमनी मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बराबर हाय का, म्हणून इचारलं. बराबर होतं. सही रेघेच्या खाली गेली.

निघताना मॅडम म्हणाल्या, "हा फक्त अर्ज झाला. तपासणी होईल, मग जाहीर होईल. तेव्हा चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं."

मालकाला कळायला आठवडा बी लागला न्हाई. त्यानं स्वतःचा अर्ज करायला माणूस धाडला, तर कॉम्प्युटरवर माझं नाव आधीच. त्यानं माझ्या नवऱ्याला रानात गाठलं. नवरा घरी आला तवा तोंड काळं ठिक्कर पडल्यालं.

"काहून केलंस असं? रान बंद केलं त्यानं. हीर बंद केली. आत्ताच्या आत्ता फोन लाव अन् माफी माग."

मी फोन लावला. मालक लई बोलला. जात काढली, मायबाप काढले. शेवटी म्हणाला, "उद्या जाऊन अर्ज मागं घ्यायचा. समजलं का?"

"न्हाई घेत," मी म्हणाले. पुढं 'मालक' लावलं न्हाई. नुसतं न्हाई घेत. अन् फोन ठेवला अन् मोरीत जाऊन वकले.

नवरा आज मेंढरं घेऊन तीर्थपुरीकडं गेलाय. माझ्याशी बोलत न्हाई. तिकडं रान मिळंल का, पाणी मिळंल का, ठाव न्हाई. दारापुढं गाडी थांबली की मी आतून कडी लावते. मालक हरकत घेणार, वकील लावणार, मला जालन्याला खेपा घालायला लावणार, सगळं दिसतंय मला. भ्या वाटतंय. झोप लागत न्हाई.

मॅडमला फोन करून एकच इचारलं, मालकाला माझा अर्ज मागं घेता येतो का? त्या म्हणाल्या, तुमच्या सहीबिगर कुणालाच घेता येत न्हाई.

ती सही मी करणार न्हाई.