पूर्वतक्रारीचा रकाना

दुपारचे सव्वादोन झालेत. कॉन्फरन्स रूममध्ये मी एकटीच आहे, आणि डोळे मिटलेत की नुसते जडावलेत, ते माझं मलाच कळत नाही.

समोरचा लॅपटॉप माझा नाही. माझा सकाळपासून अपडेट घेतोय, 'बंद करू नका' एवढंच सांगतोय. हा पर्चेसमधून मागून आणला, तर यात माझी फाइल उघडल्यावर सगळ्या मराठी अक्षरांचे चौकोन झाले. आयटीचा माणूस रजेवर. म्हणून सगळ्या स्लाइड पुन्हा टाइप करतेय. प्रेझेंटेशन खरं तर उद्या होतं. साडेअकराला आमचे वर्क्स मॅनेजर देशिंगकर साहेब दारातूनच म्हणाले, "कणसे मॅडम, पुण्याहून डायरेक्टर आजच येतायत. चारला. आणि बारा स्लाइड नकोत, सात करा."

मी या फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर आहे. विषय आहे भट्टी क्रमांक दोनवरचा अपघात. भट्टीत ओलं भंगार पडलं, लोखंडाचा रस उसळला आणि भट्टीवरचे आप्पासो खोत भाजले. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. आज एकोणीस दिवस झाले.

एसी घरघरतोय. घरघर हळूहळू जाड होत जाते. चालू भट्टीचा आवाज असाच असतो.

"जेवलासा का मॅडम?"

मामा शेजारच्या खुर्चीवर बसलेत. खाकी कपडे धुतलेले, इस्त्रीचे. मी आधी त्यांच्या हातांकडे बघते. हात नीट आहेत.

"अजून नाही, मामा. चारला मीटिंग आहे."

"मग आधी खाऊन घ्यावं. उपाशी माणसाला बोलणं सुचत न्हाई."

ते गेलेत हे मला माहीत आहे. त्याचं नवल वाटत नाही. आपली तयारी झालेली नाही आणि ते लवकर आलेत, याचीच लाज वाटते.

"प्रोजेक्टर लागत नाहीये. केबल बसत नाही याला."

"मग भितीवर बघू की."

भिंत चुन्याची आहे, निळसर. हा मामांच्या घरचा सोपा, बाहेरची बैठक. दहाव्याला आले होते तेव्हा मी याच पोत्यावर बसले होते. कोपऱ्यात मामी शेंगा फोडतायत. त्या आमच्याकडे बघत नाहीत. भिंतीवर माझी स्लाइड स्वच्छ दिसते, एकही चौकोन नाही.

"वाचा," मामा म्हणतात. "माझं डोळं आता तेवढं चालत न्हाईत."

मी वाचते. नाव. वय चौपन्न. सेवा बावीस वर्षं.

"तेवीस," ते म्हणतात. "पयलं वरीस कंत्राटात होतो. ते धरत न्हाईत कोण. असू दे."

"वेळ, सकाळी दहा चाळीस."

"व्हय. चहा यायचा होता."

मी सोप्याची पायरी उतरते आणि पायाखाली भट्टीचा प्लॅटफॉर्म लागतो. भट्टी थंड आहे. पलीकडे भंगाराचा ढीग, वर पत्रा. पत्र्यातून थेंब पडतायत, पण आवाज येत नाही. मामी इथंही आहेत, तशाच मांडी घालून बसलेल्या. मी पुढची ओळ वाचत नाही. मामा थांबतात.

"फुडं काय हाय?"

"पूर्वतक्रार."

"आणि त्याच्यात काय लिवलंय?"

"'नाही' असं लिहिलंय."

ते चिडत नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. कुणीतरी पत्ता विचारल्यावर माणूस विचार करतो, तसा ते जरा विचार करतात.

"बरोबर हाय. कागदावर न्हाईच."

"तुम्ही मला सांगितलं होतं, मामा. जिन्यात. पत्रा गळतोय, भंगार भिजतंय म्हणून. मी म्हटलं, सांगते साहेबांना."

"म्हणालासा."

"माझा फोन चालू होता. मी विसरले. कुणी दाबलं नाही ते. साहेबांपर्यंत गेलंच नाही. मी विसरले."

हे मी पहिल्यांदाच तोंडातून काढते आहे. घरीसुद्धा बोललेली नाही.

"मी बी परत इचारायला पायजे हुतं," मामा म्हणतात. "पर तुम्ही गडबडीत असता. म्हटलं, मॅडमनी सांगितलं असंल."

एवढ्या भरवशावर ते पुढचे नऊ दिवस ड्यूटीवर आले.

"मग आता काय लिहू, मामा?"

ते मामींकडे बघतात. "तिला कोणतरी सांगितलंय, तुमच्या माणसाचीच चूक झाली म्हणून. ती काय बोलत न्हाई. पर तिचं हात बघा."

मी बघते. मामी शेंग फोडतात, दाणे टरफलांच्या ढिगावर टाकतात आणि टरफल जपून वाटीत ठेवतात. वाटी टरफलांनी भरत आली आहे.

मामा उठतात. कपडे झटकतात.

"चारपर्यंत थांबा ना," मी म्हणते. "तुम्ही असलात तर मला बोलता येईल."

"माझी शिफ्ट तीनला सुटती, मॅडम."

मी त्यांचा हात धरायला जाते, आणि भोंगा होतो.

तीन वाजलेत. गाल टेबलावर आहे, मान आखडली आहे. उजव्या हाताचं बोट लॅपटॉपच्या बॅकस्पेसवर दाबलेलं. मी बोट उचलते. स्क्रीनवर तक्ता जसाच्या तसा आहे, नाव, वय, सेवा, वेळ. फक्त एक रकाना रिकामा आहे. त्यात मी 'नाही' टाइप केलं होतं. करताना थोडा वेळ थांबले होते, म्हणून चांगलं आठवतं. आता तिथे नुसता कर्सर लुकलुकतोय. माझ्याच बोटानं पुसलं गेलं असणार.

खिडकीखालून पहिल्या शिफ्टची माणसं गेटकडे निघाली आहेत. डबे वाजतायत. कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय.

मी रकान्यात लिहिते, 'होय. तोंडी. सेफ्टी ऑफिसर हेमलता कणसे यांच्याकडे. पुढे कळवली गेली नाही.'

मग ती अक्षरं बाकीच्या ओळींएवढीच मोठी आहेत ना, हे बघते आणि सेव्ह करते.